गाडी उभी ठेवून तापवणे आता पुरे

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की आपल्या शाळेत पीटीच्या शिट्टीआधी एक आवाज सुरू होतो. तो एमटी गॅरेजसमोर उभ्या असलेल्या बसगाड्यांचा. मॅच असो, सहल असो किंवा सुट्टीसाठी मुलांना कालक्याला सोडायचे असो, निघण्याच्या बऱ्याच आधी इंजिने सुरू होतात आणि वीस-वीस मिनिटे, कधी अर्धा तास, जागेवरच गुरगुरत राहतात. विचारले तर उत्तर ठरलेले: थंडी आहे, इंजिन गरम होऊ दे. पालक भेटीच्या रविवारी हेच दृश्य मैदानाच्या कडेला मोटारींचे दिसते.

माझे मत असे की ही सवय आता सोडून द्यावी. आजची गाडी थंडीत उभी ठेवून तापवण्याची गरज नाही. त्याने इंजिनाचे भले होत नाही, इंधन वाया जाते, आणि सर्वांत वाईट म्हणजे तो धूर मैदानावर पळणाऱ्या मुलांच्या छातीत जातो. हे लिहिताना मला आपल्या ड्रायव्हरसाहेबांना शहाणपण शिकवायचे नाही. त्यांनी जितके घाट उतरवले आहेत तितके डोंगर मी अजून पाहिलेही नाहीत. पण एखादी रीत कशासाठी सुरू झाली आणि ते कारण आज उरले आहे का, हे विचारायला हरकत नसावी.

आधी रीतीची बाजू मांडतो, कारण ती मुळात चुकीची नव्हतीच. पूर्वीच्या पेट्रोल गाड्यांत कार्बोरेटर असे. अँबॅसडर, पद्मिनी, 1983 साली आलेली मारुती 800 या सगळ्या कार्बोरेटरच्या. पेट्रोल जळते ते वाफेच्या रूपात. थंडीत त्याची वाफ नीट होत नाही, थेंब तसेच आत जातात आणि जळायला पुरेशी वाफ मिळत नाही. म्हणून चोक ओढावा लागे. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे मिश्रण आत जाते व इंजिन कसेबसे पेट घेते. चोक लगेच ढकलला तर इंजिन बंद पडे, आणि ओढलेलाच ठेवला तर काळा धूर निघे. इंजिन थोडे तापेपर्यंत उभे राहणे हा तेव्हा साधा व्यवहार होता. आमच्या आजोबांच्या पिढीला तो हाताने शिकावा लागला आणि त्यांनी तो पुढच्या पिढीला दिला.

2000 सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा मोटारींतून कार्बोरेटर गेला आणि फ्यूएल इंजेक्शन आले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाल्यावर मोटरसायकली आणि स्कूटरमध्येही बहुतेक ठिकाणी तेच आले. आता इंजिनावर सेन्सर बसवलेले असतात. कूलंट किती थंड आहे, आत येणारी हवा किती थंड आहे, हे एक छोटा संगणक सारखे पाहत असतो आणि त्याप्रमाणे पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. थंडीत किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा आवाज आपोआप चढतो आणि थोड्या वेळाने उतरतो, तो या संगणकाचाच हिशोब. पूर्वी चालक चोक हातात धरून जे करत असे, ते काम आता तो करतो. म्हणजे उभे राहण्याचे पहिले कारण संपले.

दुसरे कारण तेलाचे. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होते, ते सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो, म्हणून थांबावे, असे म्हणतात. यात तथ्य आहे, पण किती ते पाहायला हवे. तेलाच्या डब्यावर 20डब्ल्यू-40, 15डब्ल्यू-40, 5डब्ल्यू-30 असे आकडे असतात. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते तेल थंडीत जास्त पातळ राहते. ठरलेल्या मानकाप्रमाणे 20डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे 15 अंशांवर घेतात, 15डब्ल्यूची उणे 20 वर आणि 5डब्ल्यूची उणे 30 वर. आपल्या डोंगरावर पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो, फार तर दोन-चार अंश खाली. या थंडीत योग्य तेल घातलेल्या इंजिनात पंप काही सेकंदांतच तेल वरपर्यंत पोहोचवतो. डॅशबोर्डावरचा तेलाचा लाल दिवा विझतो तो दाब तयार झाल्यावरच. त्यानंतर अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट थांबले की पुरे.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की आपल्याकडे वर्तमानपत्रात बातमी येते आणि घरोघरी गाड्या तापवणे सुरू होते. त्या थंडीला तर 20डब्ल्यू तेलही भीत नाही.

आता मुख्य मुद्दा. इंजिन गरम व्हायला हवे, यात वाद नाही. वाद आहे तो कसे गरम करायचे यावर. याचे उत्तर आपल्याला पीटीचे उस्ताद रोज सकाळी देतात. थंडीत मैदानावर आल्याबरोबर ते आपल्याला शंभर मीटर जोरात पळायला लावत नाहीत, कारण स्नायू दुखावतील. पण अंग गरम होईपर्यंत वीस मिनिटे सावधानमध्ये उभेही करत नाहीत. तसे केले तर अंग गरम होणार नाही, उलट गारठेल. ते आपल्याला हळू धावायला लावतात. दोन चक्कर हलक्या पावलांनी झाल्या की घाम येतो आणि मग खरी पीटी सुरू होते. इंजिनाचेही तसेच आहे. उष्णता येते इंधन जाळल्याने, आणि इंधन जास्त जळते काम केल्यावर. उभ्या गाडीचे इंजिन फक्त स्वतःला फिरवत असते. त्याला काम नसते, म्हणून ते फार हळू तापते. डिझेल इंजिन तर उभ्याने आणखी हळू तापते, कारण ते रिकामे फिरताना फारच थोडे इंधन जाळते आणि हवा मात्र भरपूर आत ओढते.

हे मी नुसते पुस्तकात वाचून लिहीत नाही. ड्रायव्हरसाहेबांची परवानगी घेऊन मी दोन वेळा बसमध्ये त्यांच्या मागे बसून तापमानाचा काटा पाहिला. वीस मिनिटे उभे राहूनही काटा तळापासून जेमतेम हलला होता. बस निघाली, गेटनंतरचा चढ लागला, आणि बाजारापर्यंत पोहोचायच्या आतच काटा नेहमीच्या जागी आला. वीस मिनिटांत जे झाले नाही ते एका चढाने केले. ड्रायव्हरसाहेबांनाही हे ठाऊक होते. ते हसले आणि म्हणाले की चढावर सगळ्यांनाच गरम होते.

शिवाय गाडी म्हणजे फक्त इंजिन नव्हे. गिअरबॉक्समधले तेल, मागच्या डिफरन्शियलमधले तेल, चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस, शॉकअब्सॉर्बर, टायर, हे सगळे थंडीत आखडलेले असते. गाडी अर्धा तास न्यूट्रलवर उभी ठेवली तरी यातली एकही गोष्ट गरम होत नाही. चाके फिरल्याशिवाय त्यांचे आखडणे सुटत नाही. म्हणजे अर्धा तास तापवलेली गाडी घेऊन निघालो तरी पहिली काही मिनिटे हळूच चालवावी लागते. मग तो अर्धा तास कशासाठी घालवला?

उलट जास्त वेळ उभ्याने तापवण्यात इंजिनाचे नुकसान आहे. थंड पेट्रोल इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळते, जाताना तिथला तेलाचा पातळ थर धुऊन नेते आणि खालच्या तेलात मिसळून ते पातळ करते. इंधन जळताना पाणीही तयार होते. सायलेन्सर थंड असेल तर ती वाफ आतच थिजते, आणि रोज असे झाले की सायलेन्सर आतून गंजतो. डिझेल इंजिनात कमी उष्णतेमुळे इंधन अर्धवट जळून काजळी धरते. जितका वेळ इंजिन अर्धवट थंड राहील तितका वेळ हे सगळे चालू राहणार. चालत्या गाडीत हा काळ लवकर संपतो, उभ्या गाडीत तो लांबतो. म्हणजे ज्याला आपण इंजिनाची काळजी समजतो, तीच त्याची झीज वाढवते. काही जण गाडी लवकर तापावी म्हणून उभ्या जागी जोरजोरात रेस देतात. ते तर झोपेतून उठवल्या उठवल्या शंभर मीटर पळायला लावण्यासारखेच आहे.

आता खर्चाचा हिशोब. मोठ्या बसचे इंजिन जागेवर चालू राहिले तर तासाला साधारण दोन लिटर डिझेल पिते. तीन बस वीस मिनिटे उभ्या राहिल्या तर एका सकाळी दोन लिटर डिझेल एकही मीटर न जाता संपते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर डिझेलचे वजन किलोपेक्षा कमी असताना वायू इतका जड कसा, असे नववीतल्या मुलांना वाटेल. त्याचे कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. म्हणजे दोन लिटरचे पाच किलोहून अधिक. घरच्या छोट्या पेट्रोल मोटारीचे गणितही सोपे आहे. ती उभ्याने तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल घेते. रोज दहा मिनिटे धरली तर सुमारे 100 मिलिलिटर. हिवाळ्याच्या 100 दिवसांत दहा लिटर. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून विकत आणतो. लष्कराच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांनी हे विसरू नये. लडाखमध्ये आपल्या जवानांना हिवाळाभर लागणारे इंधन रस्ते बंद होण्याआधी ट्रकच्या काफिल्यांतून घाट ओलांडून वर न्यावे लागते. तिथे इंधनाचा एक डबा पोहोचवायलाही इंधन जाळावे लागते. ज्याला पुढे ते डबे मोजायचे आहेत त्याने इथे ते असे ओतून देण्याची सवय लावून घेऊ नये.

पण पैशापेक्षा मला धुराची गोष्ट महत्त्वाची वाटते. थंड पहाटे डोंगरात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड असते, त्यामुळे धूर वर जात नाही, मैदानावरच पसरून राहतो. गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्यावरच नीट काम करू लागतो. उभ्या गाडीत तो उशिरा तापतो. म्हणजे सर्वांत घाण धूर निघतो तो याच वेळी, आणि नेमक्या याच वेळी आपण मैदानावर असतो. जोरात धावताना माणूस बसलेल्या माणसाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त हवा छातीत घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले. आपण एकीकडे फुप्फुसे मजबूत करायला पहाटे उठतो आणि दुसरीकडे त्याच फुप्फुसांना हा धूर देतो. आमच्या हाऊसमधल्या दोन ज्युनिअर मुलांना थंडीत पंप घ्यावा लागतो. बस सुरू झाल्या की ती मुले मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातात. कोणी तक्रार केलेली नाही, आणि म्हणूनच ते इथे लिहावेसे वाटले.

पालकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगतो. भेटीच्या दिवशी बरेच पालक रात्रभर प्रवास करून येतात आणि गेट उघडेपर्यंत काचा बंद करून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून गाडीत झोपतात. सोबत आमची लहान भावंडे असतात. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे ऑक्सिजनला जागाच उरत नाही. माणसाला गुंगी येते, आणि ती थकव्याची झोप वाटते. सायलेन्सरला कुठे भोक असेल, तो बर्फात किंवा मातीच्या बांधात रुतला असेल, किंवा गाडी भिंतीला लागून किंवा बंद शेडमध्ये असेल, तर हा वायू आत येऊ शकतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यांतले कित्येक जण इंजिन चालू ठेवून झोपले होते आणि बर्फाने सायलेन्सर बुजले होते. म्हणून आईवडिलांना, काका-मावशींना विनंती की हीटर लावून झोपू नका. घोंगडी आणा, थर्मासमध्ये चहा आणा, आणि इंजिन बंद करा.

या मतावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतले काही अगदी खरे आहेत. ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

पहिला आक्षेप लडाखचा. आपले एक ड्रायव्हरसाहेब नोकरीत असताना लेहच्या बाजूला शक्तिमान ट्रक चालवत. ते सांगतात की तिथे रात्री रेडिएटरचे पाणी काढून ठेवावे लागे, कारण पाणी गोठले की फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो. सकाळी तेलाच्या चेंबरखाली शेगडी ठेवून तेल पातळ करावे लागे. साधे डिझेलसुद्धा कडक थंडीत मेणासारखे दाटते आणि फिल्टरमध्ये अडकते. याच कारणाने नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. उणे 20-25 अंशांत तापवणे ही गरजच आहे. कॅनडासारख्या देशात अशा थंडीसाठी इंजिनाला विजेचा हीटर लावतात आणि रात्री गाडीची वायर प्लगमध्ये घालून ठेवतात. सीमेवर एखादी गाडी कोणत्याही क्षणी निघायला तयार हवी असेल, तर तिथे इंजिन चालू ठेवण्याचा निर्णय कमांडरचा असतो आणि त्यावर मासिकात चर्चा होऊ शकत नाही. पण आपली शाळा लडाख नाही. तिथला नियम इथे लावणे म्हणजे ऑक्टोबरमध्येच सियाचीनचा पोशाख घालून वर्गात बसण्यासारखे होईल.

दुसरा आक्षेप बसच्या ब्रेकचा. मोठ्या बस आणि ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभरात टाकीतली हवा उतरलेली असेल तर दाब भरल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, हलवूही नये. इंजिन चालू करून दाबाचा काटा योग्य जागी येईपर्यंत थांबणे आवश्यकच आहे. पण त्याला काही मिनिटे लागतात, अर्धा तास नाही. आणि टाकीतून हवा गळत असल्यामुळे फार वेळ लागत असेल, तर इलाज गळती काढणे हा आहे.

तिसरा आक्षेप काचेचा. काचेवर दव किंवा पांढरा थर गोठला असेल तर समोरचे दिसत नाही, आणि न दिसता घाटात निघणे हा गुन्हाच. पण त्यासाठीही वीस मिनिटे इंजिन नको. रात्री काचेवर जुनी चादर किंवा पुठ्ठा टाकला की सकाळी तो उचलून काच कोरडी मिळते. थर जमलाच तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. गरम पाणी मात्र ओतू नये, काच तडकते.

चौथा आक्षेप कोणी उघड मांडत नाही, पण खरा तोच आहे: बस आतून उबदार हवी. मलाही हवी असते. पण चालत्या बसचा हीटर उभ्या बसच्या हीटरपेक्षा लवकर गरम हवा देतो, आणि आपल्याकडे जर्सी आहे, मफलर आहे, शेजारी बसलेला मित्र आहे. पहिली दहा मिनिटे सोसायला हरकत नाही.

जर्मनीत तर रहदारीच्या नियमांनुसार गाडी उभी ठेवून विनाकारण इंजिन चालवायला मनाई आहे, आणि थंडीत तापवण्यासाठी असे केले तरी दंड होतो. त्यांची थंडी आपल्या डोंगरापेक्षा कमी नाही. दिल्लीत 2020 पासून सिग्नलला इंजिन बंद करण्याची मोहीम चालली. सिग्नलला एक मिनिट बंद करा म्हणून आपण लोकांना सांगतो, तर वीस मिनिटांचे काय?

मग गाडीची काळजी घ्यायची कशी? याचे उत्तर सैन्याने कधीच देऊन ठेवले आहे. सैन्यातली प्रत्येक गाडी रोज निघण्याआधी फर्स्ट परेड करते, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड. फर्स्ट परेडमध्ये तेल, कूलंट, बॅटरीचे टर्मिनल, टायरची हवा, नटबोल्ट, दिवे, गळती हे सगळे पाहतात. थंडीत गाडी दगा देते ती बहुतेक वेळा या गोष्टींमुळे. बॅटरीची ताकद थंडीत घटते आणि घट्ट तेलात इंजिन फिरवायला मात्र ताकद जास्त लागते, म्हणून कमजोर बॅटरी नेमकी त्याच सकाळी बसते. कूलंटऐवजी साधे पाणी भरलेले असेल तर ते गोठते. हे तपासायला इंजिन चालू असावे लागत नाही. वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून शेकोटीजवळ उभे राहण्यापेक्षा दहा मिनिटांची फर्स्ट परेड गाडीला जास्त वर्षे जगवते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या शाळेत आपण हुकूम पाळायला शिकतो आणि ते योग्यच आहे. मैदानावर हुकूम आला की का म्हणून विचारायचे नसते. पण म्हणून का हा शब्दच आयुष्यातून काढून टाकायचा असे नाही. लेहच्या त्या ड्रायव्हरसाहेबांना प्रत्येक गोष्टीचे कारण माहीत होते: पाणी का काढायचे, शेगडी कुठे ठेवायची, किती वेळ ठेवायची. त्यांच्या पिढीने ती रीत डोके वापरून बनवली. पुढच्यांनी मात्र त्यातले कारण सोडले आणि नुसता अर्धा तास घेतला. मी त्यांना विचारले की आजच्या नव्या बसला तेवढा वेळ लागतो का. ते म्हणाले, लागत नाही, पण सगळे तापवतात म्हणून मीही तापवतो. हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटले. आपल्यापैकी कितीजण कितीतरी गोष्टी याच कारणासाठी करतात! मोठ्यांचा मान ठेवणे म्हणजे त्यांची कृती जशीच्या तशी पुढे चालवणे एवढेच असते का? मला वाटते, त्यांनी ज्या समजुतीने ती केली ती समजूत पुढे चालवणे हा त्यांचा जास्त मोठा मान आहे. योग्य वेळी, योग्य माणसाला, योग्य शब्दांत विचारलेला प्रश्न शिस्तीच्या बाहेर नसतो. हे पान त्यासाठीच आहे असे मी समजतो.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. त्यांना पैसा लागत नाही.

पेट्रोल मोटार असेल तर किल्ली फिरवा, सीटबेल्ट लावा, आरसे पाहा, तेलाचा दिवा विझल्याची खात्री करा आणि निघा. यात अर्धा-एक मिनिट जातेच. पहिली पाच-सात मिनिटे गाडी हळू चालवा, इंजिनाला ओरडायला लावू नका, घाटात लगेच ओव्हरटेक करू नका. डिझेल गाडीत आधी हीटरच्या वेटोळ्याचा दिवा विझू द्या, मग सेल मारा, मिनिटभर थांबा आणि तशाच हलक्या पायाने निघा. जुनी, कार्बोरेटरची गाडी असेल तर तिला तिचा वेळ द्या. तिच्यासाठी जुना नियम अजून खराच आहे.

शाळेच्या बससाठी फर्स्ट परेड इंजिन बंद ठेवून व्हावी. मुलांचे फॉलइन, मोजणी आणि सामान चढवणे पूर्ण होत आले की मगच इंजिन सुरू व्हावे आणि हवेचा दाब भरला की बस निघावी. आज बस आमची वाट पाहत धूर सोडते. त्याऐवजी आम्ही आधी तयार राहावे, हे आमच्याच हातात आहे. उशिरा येणाऱ्या एका कॅडेटमुळे तीन बस जास्तीची दहा मिनिटे डिझेल जाळतात, हे हाऊस कॅप्टनने हिशोबासह सांगितले तर उशीरही कमी होईल. बस उभ्या करताना सायलेन्सरचे तोंड मैदानाकडे आणि डॉर्मिटरीच्या खिडक्यांकडे नसावे. आणि एमटी गॅरेजच्या फलकावर प्रत्येक गाडीपुढे लिहावे की तिला निघण्याआधी किती मिनिटे लागतात आणि का. ही माहिती ड्रायव्हरसाहेबांनीच ठरवावी, कारण गाडी त्यांच्या हातात असते आणि शेवटचा निर्णयही त्यांचाच असायला हवा.

हिवाळी सुट्टीनंतर फेब्रुवारीत आपण परत येऊ तेव्हा डोंगरावर थंडी तशीच असेल. एक महिना हे करून पाहावे. बसच्या लॉगबुकात किलोमीटर आणि डिझेल दोन्ही लिहिलेले असते, मागच्या फेब्रुवारीशी ताडून पाहिले की मी बरोबर की चूक ते कळेल. फरक पडला नाही तर जुनी रीत पुन्हा सुरू करता येईल. पडला, तर वाचलेले डिझेल सहलीच्या एखाद्या जास्तीच्या फेरीला वापरावे, आणि पीटीला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या त्या दोन मुलांना आपल्या रांगेत परत बोलवावे.